आयरिश ब्रॉडगेजचं मॉडेल: १६.५ वरच राहावं की २१ मिमीचा रूळ टाकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही डब्लिनला राहता, घरात मर्फी मॉडेल्सची ०७१ आणि १४१ अशी दोन डिझेल इंजिनं आहेत, ती पेको कंपनीच्या नेहमीच्या ओओ, म्हणजे १६.५ मिमीच्या, रुळावर छान पळतात, पण कोणीतरी समोरून काढलेला फोटो बघून म्हणालं की आयर्लंडची गाडी इतक्या अरुंद रुळावर नसते, आणि तेव्हापासून सगळं २१ मिमीवर न्यावं का हे डोक्यात घोळतंय. जागा एक लहान खोली, हत्यारं साधी, सोल्डरिंग थोडंफार येतं.

माझं मत आधीच सांगतो. करा, पण इंजिनांना लगेच हात लावू नका. एक फळी, एक सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा, पॉइंट म्हणतात तो), एक चार चाकी मालडबा, एवढं २१ मिमीवर आधी करा. डबा त्या सांध्यावरून हाताने ढकलल्यावर दोन्ही बाजूंनी न अडखळता गेला की समजा निम्म्याहून जास्त काम झालं. लोकांना वाटतं अवघड आहे ते गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. गेज हा नुसता आकडा आहे हो, १६.५ च्या जागी २१ धरायचं. खरं काम आहे ते चाक आणि रूळ यांची मापं एकमेकांशी जुळवण्यात आणि फळी सपाट ठेवण्यात, आणि ते कुठल्याही गेजला सारखंच असतं.

आता आयर्लंडच्या खऱ्या रेल्वेचं गेज, ५ फूट ३ इंच, आलं कुठून ते सांगतो, कारण हे माहीत असलं की काम करायला वेगळाच हुरूप येतो. १८३४ साली डब्लिन ते किंग्जटाउन, म्हणजे आजचं डन लेअरी, ही आयर्लंडची पहिली रेल्वे सुरू झाली ती ४ फूट ८½ इंचावर, इंग्लंडसारखीच. मग उत्तरेत १८३९ ला बेलफास्ट ते लिस्बर्न अशी अल्स्टर रेल्वे निघाली, तिने सरकारी कमिशनच्या शिफारशीप्रमाणे ६ फूट २ इंच धरलं. आणि या दोन शहरांच्या मधली डब्लिन अँड ड्रॉहेडा रेल्वे म्हणायला लागली की आम्ही ५ फूट २ इंच टाकणार. म्हणजे एका छोट्या बेटावर तीन रेल्वे आणि तीन गेज, आणि उद्या डब्लिन ते बेलफास्ट सलग गाडी न्यायची तर न्यायची कशी? तेव्हा बोर्ड ऑफ ट्रेडच्या मेजर जनरल पॅस्लींनी मोठमोठ्या इंजिनिअरांची मतं घेतली, त्यातलं मधलं माप धरलं, ते निघालं ५ फूट ३ इंच, आणि १८४६ च्या गेज कायद्याने ते आयर्लंडसाठी पक्कं झालं. अल्स्टर रेल्वेला आपले रूळ जवळ आणावे लागले, किंग्जटाउनच्या लाईनने १८५७ मध्ये आपले लांब केले. म्हणजे ज्या मापावर आज तुमची डार्ट लोकल धावते ते सुरुवातीला कुणाचंच नव्हतं. पुढे शील्ड्स नावाच्या आयरिश इंजिनिअरमुळे ते ऑस्ट्रेलियात पोचलं, सिडनीवाल्यांनी नंतर विचार बदलला पण व्हिक्टोरियाने गाड्यांची ऑर्डर दिलेली होती, त्यामुळे तिथे आणि साउथ ऑस्ट्रेलियात ते राहिलं. ब्राझीलमध्येही आहे. आणि डब्लिनमध्येच लुआस ट्राम मात्र १४३५ मिमीवर धावते, म्हणजे दोन्ही गेज तुम्ही रोज बघता, एकदा मुद्दाम फलाटाच्या टोकाला आणि मग ट्रामच्या थांब्यावर उभं राहून बघा, फरक डोळ्यांना लगेच कळतो.

आता हिशोब. आपलं स्केल ४ मिमीला १ फूट. ५ फूट ३ इंच म्हणजे सव्वापाच फूट, गुणिले ४, बरोबर २१ मिमी. पी-फोरवाल्यांना, म्हणजे ४ मिमी स्केलमध्ये अगदी अचूक मापाचे रूळ-चाकं वापरणाऱ्यांना, ४ फूट ८½ इंचासाठी १८.८३ धरून बसावं लागतं, आपल्याला देवाने सरळ आकडा दिलाय. उलट बघा, १६.५ मिमी म्हणजे या स्केलला ४ फूट १½ इंच. ब्रिटिश गाडी ओओवर ठेवली की ती ७ इंचांनी अरुंद दिसते, आयरिश गाडी ठेवली की साडेतेरा इंचांनी, जवळपास दुप्पट. म्हणून ब्रिटिश मॉडेलवाले जे सहज खपवून घेतात ते आयरिश मॉडेलला जास्त खटकतं, धिप्पाड माणसाने लहान पोराच्या चपला घातल्यासारखं इंजिन दिसतं. शिवाय नेहमीचा पेको स्ट्रीमलाइन रूळ स्लीपरच्या मापाने एचओचा, म्हणजे जरा लहान, ३.५ मिमीला १ फूट स्केलचा आहे, स्लीपर आखूड आणि जवळजवळ, त्यामुळे गाडीखालची सगळी जमीनच आखडल्यासारखी वाटते.

पण हेही खरं की बाजूने बघितलं तर काहीच फरक कळत नाही. गाडी बहुतेक वेळ बाजूनेच बघणार असाल, मोठी गोल लाईन, लांब गाड्या, मुलं खेळणार, तर १६.५ वर सुखाने राहा. आयर्लंडमधली उत्तम उत्तम लेआउट्स १६.५ वर आहेत. २१ चं खरं सुख स्टेशनात आहे, सांध्यांच्या जाळ्यात, फलाटाच्या टोकाला डोळे रुळाच्या पातळीला आणून बघाल तेव्हा. आणि जिथे ब्रॉडगेजशेजारी ३ फुटी अरुंद लाईन येते, वेस्ट क्लेअर म्हणा, ट्रॅली अँड डिंगल म्हणा, डोनेगल म्हणा, तिथे २१ च्या शेजारी १२ मिमी असा जो विरोध दिसतो ना तो १६.५ च्या शेजारी १२ ठेवून येतच नाही. असं स्टेशन करायचं मनात असेल तर दुसरा विचारच करू नका.

ठरवलं २१, तर काहीही विकत घ्यायच्या आधी स्टँडर्ड ठरवा. गेज आणि स्टँडर्ड या वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. २१ मिमी हे फक्त दोन रुळांमधलं अंतर झालं. त्यावर चाकाची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, केवढी, दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर किती, सांध्यात फ्लँजला जायला फट किती, हे सगळं स्टँडर्ड ठरवतं. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पी-फोरची बारीक चाकं घेऊन सगळ्या मापात फक्त गेजचा फरक मिळवायचा. १८.८३ आणि २१ मध्ये फरक २.१७. पी-फोरला पाठ ते पाठ जास्तीत जास्त १७.७५, म्हणून आपल्याला १९.९२. फट तीच ०.६८. चेक रेलचं, म्हणजे सांध्यात चाकाला पाठीकडून धरून ठेवणाऱ्या आतल्या आखूड रुळाचं, माप म्हणजे २१ वजा ०.६८, २०.३२. दुसरा रस्ता ईएमची, म्हणजे ओओ आणि पी-फोरच्या मधल्या स्टँडर्डची, जराशी जाड चाकं: तिथे गेज १८.२, पाठ ते पाठ १६.५, फरक १.७, म्हणून २१ ला १९.३, आणि सांध्यातली फट १ मिमी.

कुठला घ्यावा? ईएमवाला रस्ता जास्त क्षमाशील आहे, फळी जराशी वाकडी असली तरी गाडी रुळावर राहते, लहान खोलीत वळणं घट्ट असतील तर तोच बरा. पण चाकं नाहीतरी नवीनच घेणार, रूळ नाहीतरी हातानेच करणार, तर मी पी-फोरकडे झुकतो, कारण सांध्याच्या क्रॉसिंगमधून, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथून, चाक जाताना अजिबात खाली बसत नाही, सरकन जातं, आणि ते बघायला मिळणं हेच तर हवंय आपल्याला. तुम्ही काहीही घ्या, पण एकच घ्या. ईएमचं चाक पी-फोरच्या सांध्यात अडकणार म्हणजे अडकणारच. आणि ठरलेली मापं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवा.

हत्यारांत डिजिटल व्हर्निअर सगळ्यात आधी, चांगल्यापैकी घ्या. मग बारीक दातांच्या कानशी, टोकदार सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, आणि रोलर गेज, म्हणजे डाग देताना दोन रूळ बरोबर अंतरावर धरून ठेवणारी खाचांची गोल कांब. २१ मिमीचे रोलर गेज दुकानात टांगलेले मिळत नाहीत, पण ही काही दुर्मिळ वस्तू नाही, ओळखीत कुणाकडे छोटं लेथ असेल तर पितळेच्या कांबीतून तासभरात काढून देतो. तीन काढून घ्या, दोनात भागत नाही. त्याच बरोबर १९.९२ चा एक पितळी ठोकळा करून घ्या, चाकांच्या पाठींमध्ये घालून बघायला. व्हर्निअरने प्रत्येक चाक मोजत बसण्यापेक्षा ठोकळा सरकवून बघणं पटकन होतं आणि हाताला सवय लागते.

फळीबद्दल. बारीक फ्लँज म्हणजे चढउतार माफ नाही. १२ मिमीचा चांगला बर्च प्लाय घ्या, खाली आडव्या पट्ट्या जवळ जवळ, आणि आयर्लंडची दमट हवा लक्षात घेऊन कापल्याबरोबर सगळ्या बाजूंना, कडांनासुद्धा, वॉर्निश मारा. स्वस्त प्लाय एका हिवाळ्यात पिळतो. फळी साधारण १२०० बाय ३५० मिमी पुरे. एका फळीवर एक साधा सांधा आणि दोन लाईनी. खोलीत मोठं काही करायचं झालं तर वळण ९०० मिमी त्रिज्येच्या खाली नको, १२०० मिळालं तर उत्तम, हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण २१ वर जाण्याची खरी किंमत पैशात नाही तर या जागेत मोजावी लागते.

रुळाचा नकाशा टेम्प्लॉटवर काढा. फुकट आहे, गेज पाहिजे ते घालता येतं, फटी घालता येतात, आणि पूर्ण मापाचा नकाशा प्रिंट होतो. सुरुवातीला प्रोग्रॅम अंगावर येतो, तरी एका वीकेंडला धीर धरून बसा. पहिला सांधा १ ला ६ क्रॉसिंगचा, सरळ, उगाच वक्र वगैरे नको. स्लीपर ८ फूट ६ इंची असेल तर ३४ मिमी, ९ फुटी असेल तर ३६ मिमी, तुम्ही निवडलेल्या लाईनला आणि काळाला कुठला होता ते ड्रॉइंग बघून ठरवा, अंदाजाने नको. जुन्या काळाला कोड ७५ चा बुलहेड (वरखाली गोलसर, चेअर नावाच्या पकडीत बसणारा) रूळ, डिझेलच्या पुढच्या काळात मेन लाईनला फ्लॅटबॉटम (सपाट तळाचा), पण यार्डात आणि फाट्यांवर बुलहेड पुष्कळ वर्षं टिकून होता, त्यामुळे पहिल्या फळीला बुलहेड चालतोच.

पहिला सांधा तांबं चढवलेल्या सर्किट बोर्डाच्या स्लीपरवर करा. प्लॅस्टिकच्या चेअरवाला दिसायला दहापट सुंदर, पण तांब्यावर दिलेला डाग पुन्हा वितळवून रूळ अर्धा मिमी सरकवता येतो, आणि शिकताना हीच सोय सगळ्यात मोठी. प्रत्येक स्लीपरच्या मध्ये तांब्याला कानशीने एक चीर द्यायची, दोन्ही रुळांत शॉर्ट होऊ नये म्हणून. क्रम असा ठेवा: आधी सरळ बाजूचा स्टॉक रेल, म्हणजे सांध्याचा बाहेरचा न हलणारा रूळ, तो सरळ आहे की नाही ते डोळा लावून बघा. मग क्रॉसिंगचा व्ही, म्हणजे दोन रूळ टोकाला मिळतात तो भाग, तो आधी वेगळा एका पितळी पट्टीवर जोडून कानसून घ्या, टोक सुईसारखं न ठेवता किंचित बोथट. व्ही नकाशावर बसवून पहिल्या स्टॉक रेलपासून रोलर गेजने २१ धरा. मग विंग रेल, म्हणजे व्हीच्या दोन्ही बाजूंचे वाकवलेले रूळ, फटीसाठी ०.६८ ची पट्टी मध्ये ठेवून. मग दुसरा स्टॉक रेल, त्यानंतर चेक रेल, आणि शेवटी हलणाऱ्या जिभा. चेक रेलच्या बाबतीत घाई नको. चाक व्हीच्या टोकाला न आपटता बाजूला धरून ठेवायचं काम तोच करतो, त्याचं माप समोरच्या रुळापासून २०.३२, तेवढं अगदी बरोबर साधलं की बाकी दोन-चार ठिकाणी केसभर इकडे तिकडे झालं तरी गाडी जाते. सांधा पूर्ण झाला की नुसतं एक जोडचाक, अॅक्सलसकट, बोटाने ढकलून बघा, सगळीकडून, उलट सुलट.

आता डबा. ब्रिटिश मालडब्याच्या किटमध्ये ज्या खालच्या पकडी असतात, डब्ल्यू-आयर्न म्हणतात त्या, त्या १६.५ च्या हिशोबाने जवळ असतात. नेहमीचा ४ मिमीचा टोकदार अॅक्सल २६ मिमीचा. आपलं चाक बघा: पाठ ते पाठ १९.९२, अधिक दोन्ही चाकांची जाडी, प्रत्येकी सुमारे २ मिमी, म्हणजे बाहेरून बाहेर साधारण २४ मिमी झालं. २६ च्या अॅक्सलवर दोन्हीकडे जेमतेम एकेक मिमी उरतो, त्यात पकडीची जाडी, बेअरिंग, चाकाची थोडी हालचाल, म्हणजे बहुतेक वेळा घासतंच. म्हणून पितळी पत्र्यावर अॅसिडने कोरून काढलेल्या (एच केलेल्या) वेगळ्या डब्ल्यू-आयर्न घ्या, मधून कापून अंतर वाढवा आणि लांब अॅक्सल घाला. गिब्सनसारखे चाकवाले अॅक्सल वेगळा देतात, मागताना गेज स्पष्ट सांगा. एक अॅक्सल घट्ट आणि दुसरा मधल्या तारेवर डुलता ठेवायचा, म्हणजे चारही चाकं कायम रुळाला टेकून राहतात. वजन अॅक्सलमागे साधारण २५ ग्रॅम. ब्रेक ब्लॉक मात्र विसरू नका, ते किटमध्ये जुन्या चाकाच्या रेषेत असतात, कापून प्रत्येकी दोन-सव्वादोन मिमी बाहेर आणावे लागतात, नाहीतर चाक रुंद आणि ब्रेक आत हवेत लटकलेला, समोरून बघितलं की तेच आधी दिसतं.

तयार आयरिश मालडब्यांबद्दल चांगली गोष्ट अशी की आयरिश रेल्वे मॉडेल्स या कंपनीचे डबे करताना २१ वर नेणाऱ्यांचा विचार केलेला आहे, त्यामुळे तिथे कापाकापी कमी पडते. कुठला डबा घ्यावा म्हणाल तर तुमच्याकडे ०७१ आणि १४१ आहेत, तेव्हा सिमेंटचे बबल (गोलसर टाकीचे डबे) किंवा बीटचे उघडे डबे शोभतील. काउंटी वेक्सफर्डमधल्या वेलिंग्टनब्रिजला बीट भरून मॅलोच्या साखर कारखान्याला गाड्या जायच्या, २००६ ला कारखाना बंद होईपर्यंत. दोन लाईनी, एक चढवायचा पट्टा, चिखल, ट्रॅक्टर, आणि मागे हिरवं शेत, लहान फळीला याहून चांगला विषय मिळणं कठीण. (साखर कारखान्याबाहेरची गाड्यांची रांग आपल्याकडच्या कुणाला नवीन नाही, फक्त उसाच्या जागी बीट.)

इंजिनांकडे वळू. डिझेलमध्ये बोगी, म्हणजे डबा नव्हे, खालचा चाकांचा सांगाडा, त्याच्या दोन बाजूंच्या प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये आतून जागा किती आहे यावर सगळं अवलंबून आहे. वर म्हटल्याप्रमाणे चाकं बाहेरून बाहेर २४ च्या आसपास जाणार, ओओची जाड चाकं घेऊनही ती साधारण २० भरतात, म्हणजे दोन्हीकडे दोन दोन मिमी जास्त लागणार. गियर आणि मोटर आहे तशीच राहते, फक्त अॅक्सल लांब आणि चाकं बारीक. आतल्या बाजूने फ्रेम घासून पातळ करावी लागते किंवा सुटी करून पातळ पट्टी घालून बाहेर आणावी लागते. करंट घेणाऱ्या पितळी पट्ट्या चाकाच्या पाठीपर्यंत पोचेनाशा होतात, त्यांना फॉस्फर ब्राँझच्या तारेचे तुकडे डाग देऊन लांब करा. एकूण काम एका इंजिनाला दोन-तीन संध्याकाळचं. १४१ आधी करा, ते छोटं आहे, चार अॅक्सलचं. ०७१ सहा अॅक्सलचं, तीन अॅक्सलच्या बोगीत मधल्या चाकाला बाजूला सरकायला जागा ठेवावी लागते, म्हणून ते नंतर.

आणि मग वाफेचं इंजिन, ज्यासाठी खरं म्हणजे २१ बनलंय असं मला मनापासून वाटतं. ओओवर आतली फ्रेम इतकी अरुंद होते की मोटर कुठे कोंबायची हा प्रश्न, आपल्याकडे चाकांच्या पाठींमध्ये जवळपास २० मिमी. फ्रेमची जाडी आणि हालचालीची जागा सोडली तरी १७ मिमीच्या आसपास मोकळी रुंदी मिळते, ऐसपैस मोटर आणि चांगला गियरबॉक्स सरळ बसतो, बॉयलर पोखरावा लागत नाही. पहिलं वाफेचं इंजिन म्हणून जे१५ घ्या, ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेचा १०१ वर्ग. १८६६ ते १९०३ पर्यंत १११ बांधली, आयर्लंडभर फिरली, आणि १८४ व १८६ अशी दोन आजही रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ आयर्लंडकडे जपून ठेवलेली आहेत. सहा चाकं, सिलिंडर आत, बाहेर फक्त जोडदांडा, त्यामुळे चाक बाहेर सरकलं म्हणून क्रॉसहेडला (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाला) घासण्याचा प्रश्नच नाही. चाकाचा व्यास ५ फूट १¾ इंच, म्हणजे आपल्या स्केलला साधारण साडेवीस मिमी, रुळांच्या अंतराइतकाच जवळजवळ, त्यामुळे समोरून बघताना चाकं आणि रूळ यांचा जो चौकोन दिसतो तो या इंजिनाचा चेहराच आहे. १६.५ वर हा चौकोन उभट होतो आणि जे१५ जे१५ राहत नाही.

बाहेर सिलिंडर असलेली इंजिनं आयरिश ड्रॉइंगवरून केली तर अडत नाहीत, कारण खऱ्या इंजिनाचे सिलिंडरही तितकेच बाहेर आहेत. अडचण येते ती ब्रिटिश किट आयरिश करायला गेलं की. आणि मजा म्हणजे हीच अडचण खऱ्या रेल्वेनेही सोडवली आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या वुलविच आर्सेनलमध्ये एन वर्गाच्या इंजिनांचे सुटे भाग पडून होते, ते आयर्लंडच्या मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वेने विकत घेतले आणि तुमच्या डब्लिनच्या ब्रॉडस्टोन वर्कशॉपमध्ये ५ फूट ३ इंचावर जोडायला घेतले. म्हणजे पूर्ण मापाचं किट, गेज बदलून. हेच इंजिन, वुलविच मोगल म्हणतात ते, करायचं मनात आलं तर ब्रॉडस्टोनवाल्यांनी काय काय बदललं ते आधी फोटोंमध्ये बघा, अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

तुम्ही डब्लिनला आहात हा मोठा फायदा आहे, तो वापरा. आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीची लायब्ररी ह्यूस्टन स्टेशनच्या आवारातच आहे. मालाहाइडला सिरिल फ्राय यांचा मॉडेलसंग्रह बघायला मिळतो, ते स्वतः इंचिकोर वर्कशॉपचे माणूस होते आणि इतक्या जुन्या काळात त्यांनी केलेलं काम बघून हात शिवशिवायला लागतात. बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात ८०० नंबरचं मेव्ह नावाचं वाफेचं इंजिन उभं आहे, १९३९ चं, तिच्या बफर बीमसमोर उभं राहून चाकं किती लांब लांब आहेत ते बघा, ते चित्र मनात बसलं की मॉडेलमध्ये काय पकडायचंय ते वेगळं सांगावं लागत नाही. डाउनपॅट्रिकला ५ फूट ३ इंचाची छोटी वारसा लाईन आहे, तिथे मालडब्यांच्या खाली वाकून ब्रेकचे, पकडींचे फोटो काढून घ्या, परवानगी विचारून. फोटोत एक फूटपट्टी धरा म्हणजे घरी आल्यावर माप काढता येतं.

दुसऱ्या स्केलबद्दल विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवणारच, म्हणून थोडक्यात. ७ मिमीला हे गेज ३६.७५ मिमी होतं, हाताला काम सोपं, नजरेला सुख, पण एक सांधा म्हणजे हातभर लांब, लहान खोलीत एका फाट्याच्या टोकाच्या स्टेशनापलीकडे काही बसत नाही. ३ मिमीला १५.७५ आणि २ मिमीला १०.५, दोन्हीकडे जवळजवळ सगळंच स्वतः करावं लागतं. १:६४ च्या एस स्केलला मात्र बरोबर २५ मिमी येतं, आकडा सुरेख आहे पण तयार माल नाही. तुमच्याकडे ४ मिमीची इंजिनं आहेतच, ४ मिमीलाच राहा.

पुण्या-मुंबईहून हे वाचणारेही असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्या ५ फूट ६ इंचाला, म्हणजे १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हापासूनच्या गेजला, ४ मिमी स्केलमध्ये बरोबर २२ मिमी लागतं. वरची सगळी रीत तीच, फट तीच, बाकी रुंदीच्या प्रत्येक मापात एक मिमी वाढवा, पी-फोरच्या चाकांना पाठ ते पाठ २०.९२, चेक रेल २१.३२. भारतीय इंजिनांची मॉडेलं बहुतेक एचओमध्ये १६.५ वर मिळतात, तिथे बरोबर गेज १९.२६ च्या आसपास येईल. आयरिश २१ वाल्यांनी इतकी वर्षं जे शोधून ठेवलंय, लांब अॅक्सल, रुंद फ्रेम, बाहेर आणलेले ब्रेक, ते सगळं जसंच्या तसं उचलता येतं. कोणीतरी जीआयपी रेल्वेचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचं) घाटातलं एखादं स्टेशन २२ वर करावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुमचा १६.५ चा रूळ उखडू नका. तो चालू राहू दे, गाड्या पळत राहिल्या की उत्साह टिकतो, आणि २१ ची फळी वेगळी, शेजारी. दोन्ही गेज एकाच लेआउटवर तीन रुळांनी जोडायच्या फंदात पडू नका, सांधे प्रचंड गुंतागुंतीचे होतात. १४१ बदलायच्या आधी तिचे जुने अॅक्सल डबीत नीट नाव लिहून ठेवा, पुढे विकायची झाली तर घेणाऱ्याला मूळ चाकं लागतात.

आता एक करा, १४१ ची एक बोगी खोलून दोन बाजूंच्या फ्रेममध्ये आतून आतलं अंतर व्हर्निअरने मोजा, वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी, कारण प्लॅस्टिकचा साचा खाली जरा निमुळता असतो, आणि जुन्या अॅक्सलचा व्यासही घ्या. आकडे इथे लिहा, म्हणजे अॅक्सल किती लांबीचा मागवायचा आणि फ्रेम आतून किती घासायची ते सांगतो.